मुलीला ताकदीच्या खेळात करिअर करायचंय?

कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधल्या मोठ्या जिममध्ये संध्याकाळी गेलात, तर बारबेलसमोर उभ्या असलेल्या मुली आता सर्रास दिसतात. बहुतेक जणी फिटनेससाठी येतात. एखादीला मात्र जड वजनाची गोडी लागते. ती मोबाइलवर परदेशातल्या स्ट्राँगवूमन स्पर्धा बघू लागते आणि बारावीच्या ऐन वर्षात घरी जाहीर करते, की मला हेच करायचंय. आयटीतल्या नोकरीसाठी पुणे किंवा कोल्हापूर सोडून बेंगळुरूत आलेल्या आईवडिलांना यावर काय बोलावं ते सुचत नाही.

आधी हा खेळ नेमका काय आहे ते पाहू. स्ट्राँगवूमन स्पर्धेत एकाच दिवशी चार-पाच वेगवेगळ्या कसोट्या असतात. लाकडी ओंडक्यासारखा लॉग डोक्यावर न्यायचा, दोन्ही हातांत वजनं घेऊन ठरावीक अंतर धावत जायचं, खांद्यावर लोखंडी चौकट घेऊन चालायचं, दगडाचे गोल गोळे उचलून उंच ओट्यावर ठेवायचे. आपल्याकडच्या तालमीत नाल उचलत, उत्तर कर्नाटकातल्या जत्रांमध्ये दगड उचलण्याच्या शर्यती लागत. म्हणजे प्रकार आपल्याला परका नाही. मुलींना मात्र त्या आखाड्यात क्वचितच जागा मिळाली.

आता पैशांचं बोलते, कारण खरी चिंता तिथेच असते. भारतात आज केवळ स्ट्राँगवूमन स्पर्धांच्या बक्षिसांवर घर चालत नाही. अमेरिका-ब्रिटनमध्येही बहुतेक स्पर्धक नोकरी किंवा प्रशिक्षणाचं काम सांभाळूनच खेळतात. म्हणून ज्या मुलीला ताकदीवर आयुष्य उभं करायचंय, तिला मी सांगते, की सुरुवात वेटलिफ्टिंगपासून कर आणि शक्य असेल तर पॉवरलिफ्टिंगही खेळ. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांमधल्या खेळाडू भरतीच्या यादीत हे दोन्ही खेळ आहेत. सरकारी दारं इथूनच उघडतात.

या रस्त्याचं सर्वांत मोठं उदाहरण कर्णम मल्लेश्वरी यांचं आहे आणि त्यात बेंगळुरूचाही वाटा आहे. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या या मुलीने बाराव्या वर्षी वजनं हातात घेतली. वेटलिफ्टर बहिणीसोबत राष्ट्रीय शिबिरात गेल्यावर ती प्रशिक्षकांच्या नजरेत भरली आणि बेंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली. 1994 आणि 1995 मध्ये 54 किलो गटात ती जगज्जेती होती. 19 सप्टेंबर 2000 रोजी सिडनीत 69 किलो गटात तिने स्नॅचमध्ये 110 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 130 किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेच त्या वर्षी. पालकांनी त्यापुढचा भागही लक्षात ठेवावा. मल्लेश्वरी यांनी भारतीय अन्न महामंडळात अधिकारी म्हणून नोकरी केली आणि 2021 मध्ये त्या दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलं, तेव्हा ती रेल्वेत नोकरीला होती. नंतर मणिपूर पोलिसांत अतिरिक्त पोलीस अधीक्षक झाली.

अर्थात, ही शिखरं आहेत. प्रत्येक मुलगी तिथवर जाणार नाही, म्हणून मधल्या पायऱ्या बघा. मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड बिहारीलाल दुबे यांच्या हाताखाली तयार झाली आणि मे 2022 मध्ये ग्रीसमध्ये 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून कनिष्ठ जागतिक विजेती ठरली. भारताला या स्पर्धेत मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. म्हणजे जिद्दी प्रशिक्षक असेल, तर तालुक्याच्या गावातूनही मुलगी जगापर्यंत जाते. खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर प्रशिक्षण, राहणं, आहार यांचा खर्च निघतो आणि वर्षाला 1.20 लाख रुपये हातखर्चाला मिळतात. कॉलेज निवडताना तिथे वेटलिफ्टिंगचा संघ आहे का, ते विचारा. बेंगळुरूतल्या जैन विद्यापीठाने 2022 मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचं यजमानपद भूषवलं होतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेतली कामगिरी पुढे नोकरीच्या अर्जात उपयोगी पडते.

इथे बेंगळुरूतल्या मराठी घरांनी एक गोष्ट वेळीच ठरवायला हवी. मुलगी कर्नाटककडून खेळणार की महाराष्ट्राकडून? महाराष्ट्रात शासकीय भरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी रहिवासाची अट असते. दोन्ही राज्यांचे नियम वाचून, कागदपत्रं नीट लावून मगच नोंदणी करा. ऐनवेळी धावपळ करण्यात वर्ष जातं.

शिक्षण सोडायला मी कधीच सांगणार नाही. ताकदीच्या प्रशिक्षणाचं सीएससीएस हे जगभर मान्यता असलेलं प्रमाणपत्र मिळवायचं तर पदवी लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका आहे, फिजिओथेरपी आहे, क्रीडा आहारशास्त्र आहे. बेंगळुरू ही या कामाची मोठी बाजारपेठ आहे. कल्टफिटसारखी कंपनी इथेच 2016 मध्ये उभी राहिली. मोठमोठ्या जिमना आणि खासगी ग्राहकांना जाणती महिला प्रशिक्षक हवी असते. सकाळी शिकवायचं, दुपारी स्वतःचा सराव करायचा, संध्याकाळी पुन्हा शिकवायचं, असा दिवस ज्या खेळाडूला जमतो, तिचं स्पर्धेतलं अपयश पोटावर येत नाही.

आता शरीराची भीती. वजन उचलल्याने मुलीची उंची खुंटते, या समजुतीला आधार नाही. जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली केलेला व्यायाम किशोरवयातही सुरक्षित असतो. खरा धोका अपुऱ्या खाण्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय महिला ॲनिमियाग्रस्त आहेत. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय जड वजनाचा सराव सुरू करू नका. शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. डाळ, दूध, पनीर, अंडी, मासे, चिकन यांतून ती मिळू शकतात. मासिक पाळी थांबली तर ती मेहनतीची खूण समजू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. दुखापत होणारच नाही असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं, पण त्याच दिवशी वजन उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. आरोग्य विमा आणि ओळखीचा फिजिओथेरपिस्ट, हा खर्च पहिल्या वर्षापासून धरून ठेवा.

वयाबद्दलही विचारलं जातं. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगसाठी अठराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर होतो, पण पॉवरलिफ्टिंग आणि स्ट्राँगवूमनमध्ये तिशीतल्या खेळाडू सर्रास चमकतात. हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी आणि दोन मुलांची आई असलेल्या भावना टोकेकर यांनी चाळिशी उलटल्यावर सुरुवात केली आणि 47 व्या वर्षी, 2019 मध्ये, मॉस्कोतल्या आशियाई पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत चार सुवर्णपदकं जिंकली.

सर्वांत कडक शब्द मी उत्तेजकांबद्दल राखून ठेवले आहेत. ताकदीच्या खेळांना ही कीड लागलेली आहे आणि कोवळ्या मुलींना ती डबाबंद पावडरींच्या रूपाने गाठते. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तिचीच, असा नियम आहे. जिममधल्या दादाने दिलं, हे उत्तर चालत नाही आणि बंदी चार वर्षांपर्यंत असू शकते. सर्दीचं औषधही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, 'नो युवर मेडिसिन' ॲपवर तपासून घ्या. प्रशिक्षक निवडताना त्याच्याकडच्या जुन्या मुलींना भेटा, किती जणींना दुखापती झाल्या आणि किती जणी अजून खेळतात ते त्यांच्याकडूनच ऐका. जो प्रशिक्षक पहिल्याच महिन्यात गोळ्या किंवा इंजेक्शनचा विषय काढेल, त्याची फी बुडाली तरी चालेल, मुलीला त्या दिवशी घरी आणा.