शोध मुलांचा राहू द्या

आई-बाबांनो, ‘आमच्या मुलाला चालायचा फार कंटाळा आहे’ ही तक्रार पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या घरांतून मी नेहमी ऐकते. मला वाटतं, त्या वयात चालण्याचा कंटाळा नसतो, कारणाशिवाय चालण्याचा असतो. मोकळी हवा, झाडं, व्यायाम ही कारणं आपल्याला पुरतात. मुलाचे प्रश्न मात्र दोनच: जायचं कुठे? आणि तिथे आहे काय? दोन्ही अगदी रास्त आहेत. त्यांना उत्तर देणारा एक छंद आम्ही अमेरिकेत आल्यावर मुलांसोबत लावून घेतला, जिओकॅशिंगचा. आज त्याबद्दल तुमच्याशी मनापासून बोलायचं आहे.

खेळ सोपा आहे. कुणीतरी बागेत, रानवाटेवर किंवा एखाद्या जुन्या पुलापाशी झाकण लागणारा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोनवरच्या जिओकॅशिंगच्या अ‍ॅपमध्ये ती जागा बघायची, तिथवर चालत जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून द्यायचा. जगभरात आज असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. तुम्ही रोज ज्या रस्त्याने मुलाला शाळेत सोडता, त्याच रस्त्यावर एखादा असू शकेल.

या खेळाचा जन्म आम्ही राहतो त्या ऑरेगन राज्यातला. जीपीएसचा जो संकेत सामान्य लोकांना मिळायचा, तो अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ते थांबलं. लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह उल्मर यांनी पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाबाहेर रानात एक बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवरच्या जीपीएसप्रेमींना कळवली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, एक बेचकी, बीन्सचा एक बंद डबा अशा वस्तू होत्या. अट एवढीच, की काही घ्या आणि काही ठेवा. तीन दिवसांच्या आत माइक टीग यांनी ती बादली शोधून काढली. आज त्या जागी एक स्मृतिफलक आहे. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. एका माणसाने एक बादली ठेवली आणि त्यातून जगभरचा खेळ उभा राहिला, हे त्यांना फार आवडतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे, ते सांगते. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन जागा चार-पाच मीटरच्या आत दाखवतो. दाट झाडी असेल किंवा उंच इमारती असतील, तर त्याहून जास्त चुकतो. म्हणजे अगदी जवळ पोचलात, की पडद्यावरचा बाण गरगरायला लागतो आणि फोनचा उपयोग संपतो. तिथे फोन खिशात टाका. इथून पुढची दहा पावलं डोळ्यांची आणि हातांची आहेत, आणि ती मुलाची असू द्या.

हे बोलायला सोपं आणि पाळायला कठीण आहे. आपण मोठे, ओंडक्याच्या टोकाशी मुद्दाम रचलेल्या काटक्या आपल्या नजरेत आधी भरतात. ‘अरे, ते बघ ना तिकडे!’ हे वाक्य ओठांवर येतं. ते गिळा. भोंडल्यात खिरापतीचा डबा कुणी आधीच उघडून दाखवला, तर मग ओळखायचं काय? मुलाने दोनदा चुकीच्या झाडाभोवती फेरी मारली तरी मारू द्या. जवळच्या दगडावर बसा, पाणी प्या. त्याने मदत मागितलीच, तर उत्तर सांगू नका. ‘तू लपवला असतास, तर कुठे ठेवला असतास?’ एवढंच विचारा. आणि हे लक्षात ठेवा, की बाकाची खालची बाजू, कुंपणाच्या खांबाचा पाया, झाडाच्या बुंध्यातली ढोली हे सगळं साडेतीन फुटांवरून आपल्यापेक्षा छान दिसतं. घरात सतत ‘तुझा हात पुरत नाही’ हे ऐकणाऱ्या मुलाला इथे त्याच्या उंचीचा फायदा मिळतो.

शोध मुलाचा राहायचा असेल, तर निवड मात्र आपण विचारपूर्वक करायला हवी. प्रत्येक डब्याला दोन अंक दिलेले असतात. एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा वाट किती बिकट याचा, दोन्ही १ ते ५ मध्ये. लहान मुलांसाठी दोन्ही अंक दीडच्या आत असलेले डबे घ्या. प्रकार ‘पारंपरिक’ असावा, म्हणजे दिलेल्या जागीच डबा असतो. आकार बघा. काही डब्या बोटाच्या पेराएवढ्या असतात, त्यात कागदाच्या एका सुरळीशिवाय काही मावत नाही. पाच वर्षांच्या मुलाला खजिना म्हणजे उघडल्यावर आत काहीतरी दिसलं पाहिजे. त्यानंतर अलीकडे येऊन गेलेल्यांच्या नोंदी वाचा. शेवटच्या काही जणांना डबा मिळालेला नसेल, तर तो बहुधा तिथे उरलेलाच नाही. पहिल्याच दिवशी मुलाला तिथे नेऊ नका. मोफत खात्यावर सोपे डबे दिसतात, सुरुवातीला तेवढे पुरे. आणि दिवसाला एक किंवा दोन. मूल ‘अजून एक’ म्हणत असताना घरी परतणं, हे पुढच्या शनिवारच्या दृष्टीने उत्तम.

डबा उघडल्यावरचा व्यवहार हा माझा सगळ्यात आवडता भाग. आतलं काही घ्यायचं, तर तेवढ्याच मोलाचं किंवा त्याहून चांगलं काही ठेवायचं. घरून निघतानाच मुलाला एक छोटी पिशवी भरू द्या. गोट्या, मणी, शिंपला, छोटी गाडी, काहीही. खाऊ मात्र नको, कारण वासाने प्राणी डबा फोडतात. काडेपेटी, औषध, धारदार वस्तूही नकोत. मग डब्यासमोर उकिडवं बसलेलं मूल हिशेब करतं. लाल गाडी हवी आहे, पण तिच्या बदल्यात मोडका मणी ठेवला तर पुढच्या मुलाला काय वाटेल? कधीही न भेटणाऱ्या मुलाचा विचार करून आपल्या पिशवीतली बरी वस्तू बाजूला काढणं, हे संस्कार कितीही बोलून होत नाहीत. इथे आपण फक्त शेजारी बसायचं. त्याने काय ठेवलं, यावर निकाल देऊ नका.

कधीकधी आत एखादा बिल्ला मिळतो, त्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो प्रवासी असतो, मालकीचा नसतो. त्याला उचलून पुढच्या डब्यात पोचवायचं, आणि तो कुठून कुठे गेला हे अ‍ॅपमध्ये बघायचं. असाच एक क्रमांक पर्सिव्हिअरन्स या यानाच्या एका फलकावर कोरलेला आहे आणि ते यान फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलं. सात वर्षांच्या मुलाशी मंगळाबद्दल बोलायला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

वहीतली सही मुलाला करू द्या. तीन वर्षांचं असेल तर रेघोटी चालते. परदेशात राहणाऱ्या आई-बाबांना मी आवर्जून सांगते: मुलाला नाव देवनागरीत लिहायला सुचवा. रविवारच्या मराठी शाळेत कंटाळणाऱ्या माझ्या मुलाने रानातल्या वहीत मात्र काना-मात्रा जपून नाव लिहिलं, कारण ते अनोळखी माणसं वाचणार होती.

आणि डबा सापडला नाही तर? हे घडणारच. अ‍ॅपमध्ये ‘सापडला नाही’ अशीही नोंद करता येते. ती नक्की करा, मुलाला शेजारी बसवून करा. अशा नोंदी वाचूनच डब्याचा मालक येऊन तपासतो, हरवला असेल तर नवा ठेवतो. आपलं अपयश प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, तर ते दुसऱ्याच्या कामी येतं. मुलाला रडू आलं तर येऊ द्या. ‘जाऊ दे, तुला दुकानातून खेळणं घेऊ’ अशी भरपाई करू नका. त्याच्या शोधाची किंमत आपणच कमी करतो त्याने.

वय वाढेल तसा खेळ वाढतो. तीन-चार वर्षांची मुलं हुडकतात आणि अदलाबदल करतात. सहाव्या-सातव्या वर्षी बाण आणि अंतर वाचून वाट दाखवायला लागतात. आठ-नऊला गणित आणा. अ‍ॅपमध्ये जागा अंश, मिनिटं आणि मिनिटाची तीन दशांश स्थळं अशी लिहिलेली असते. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून शेवटचा अंक एकाने बदलला की आपण उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर सरकतो. मैदानात उभं राहून हे मुलालाच करून बघू द्या. भूगोलाच्या पुस्तकातल्या रेघा मग त्याच्या पावलांखाली येतात.

काही बाबतींत मात्र कडक राहा. न बघता कुठल्याही बिळात, फटीत हात घालायचा नाही, आधी काठीने चाचपायचं. खणायचं नाही, कारण नियमाप्रमाणे डबा पुरलेला नसतोच. फांद्या मोडायच्या नाहीत. अमेरिकेत तीन-तीन पानांच्या विषारी वेली-झुडपांची ओळख मुलांना करून द्या, आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते तपासा. खातं आई-बाबांच्या ताब्यात असावं. नोंदीत मुलाचं पूर्ण नाव, शाळा, चेहरा दिसणारा फोटो टाकू नका. या खेळात ये-जा करणाऱ्यांच्या नजरेत न येता डबा काढायचा असतो, आणि मुलांना ती गंमत वाटते. पण तेव्हाच सांगा, की हे गुपित खेळापुरतं. पोलिसाने किंवा बागेच्या रखवालदाराने विचारलं, तर सरळ खरं सांगायचं. आणि आई-बाबांपासून लपवायचं असं गुपित कुठल्याच खेळात नसतं.

भारतात सुट्टीला गेलात, तर तिथे डबे कमी सापडतील. रेल्वे स्टेशन, देऊळ, बाजार अशा ठिकाणी बेवारस डबा ठेवणं तिथे योग्यही नाही. लोक घाबरतात आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. पण या खेळात डबा नसलेलाही एक प्रकार आहे. त्याला अर्थकॅश म्हणतात. एखाद्या भूवैशिष्ट्यापाशी जायचं, निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं शोधायची. हीच रीत घेऊन आई-बाबाच प्रश्न काढू शकतात. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघताना विचारा, पाण्याने दगडाला एवढा गोल खड्डा कसा पाडला असेल? अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या उभ्या काळ्या खांबांसमोर विचारा, हे खांब कुणी रचले? लोणारला विचारा, तळं गोलच का? उत्तर लगेच सांगू नका, इथेही तोच नियम. आणि आजी-आजोबांच्या अंगणात एक डबा लपवून, फोनमधले अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दिले, की चुलत-मामे भावंडांची अख्खी दुपार रंगते. पुढच्या वेळी डबा मुलांना लपवू द्या आणि मोठ्यांना शोधायला लावा. आजोबांना पंधरा मिनिटं मिळाला नाही, तर नातवाची छाती केवढी फुगते ते बघा.

आपण सगळेच मुलांसाठी खूप काही आणून देतो. प्रेमानेच देतो. पण स्वतः शोधून काढल्याचा आनंद आणून देता येत नाही, त्याला फक्त जागा आणि वेळ देता येतो. या खेळाने तो द्यायला मला शिकवलं, म्हणून तुम्हाला एवढ्या आग्रहाने सांगते आहे. येत्या शनिवारी घराजवळचा एक सोपा डबा निवडा. पाण्याची बाटली, पेन आणि मुलाने भरलेली पिशवी घ्या. फोन मुलाच्या हातात द्या आणि त्याला पुढे चालू द्या. वाट चुकली, तर थोडं जास्त चालणं होईल, आणि चालण्याचा कंटाळा असलेलं मूल त्याबद्दल तक्रार करतं का, ते तुम्हीच पाहा.