कोंबडीच्या खाद्यातलं करिअर

‘सायन्स घेतलंय, पण डॉक्टर-इंजिनिअर नको. दुसरं काय?’ असं विचारणाऱ्या पालकांपुढे पशुखाद्याचं नाव काढलं की चेहरे उतरतात. एवढं शिकवायचं ते कोंबड्यांना चारायला? म्हणून आधी काम काय ते पाहू, पदवीचं नंतर.

ब्रॉयलर कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात अनेक दशकं थोडी थोडी प्रतिजैविकं मिसळली जात. आजार बरा करायला नव्हे, तर वजन लवकर वाढावं म्हणून. त्यातून औषधांना दाद न देणारे जिवाणू फोफावले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६पासून वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं बंद केली. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं औषध. भारताने २०१९मध्ये ते अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी वापरायला बंदी घातली. मग कोंबडीचं आतडं निरोगी ठेवायचं कसं? त्याच्या उत्तरांपैकी एक वनस्पती तेलांत आहे.

तेल ओतून भागत नाही

खोबरेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. पाम बियांच्या तेलातही ते भरपूर सापडतं. त्याच्याबरोबर कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आणखी लहान साखळीची आम्लं येतात. ही आम्लं जिवाणूच्या पेशीचं आवरण विस्कळीत करतात. मात्र तेलात ती ग्लिसरॉलला बांधलेली असतात, त्यामुळे खाद्यात नुसतं खोबरेल ओतून तोच परिणाम मिळत नाही. तेल फोडून आम्लं वेगळी करावी लागतात, किंवा लॉरिक आम्लापासून मोनोलॉरिनसारखा पदार्थ बनवावा लागतो.

पुढे अडचणी सुरू होतात. कोंबडीच्या आतड्याला सडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमवर लॉरिक आम्ल चांगलं चालतं, पण साल्मोनेला आणि ई. कोलाय यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं. त्यांच्यासाठी वेगळी मिश्रणं करावी लागतात. लहान साखळीच्या आम्लांना उग्र दर्प असतो. जनावर खाद्याला तोंड लावत नाही. म्हणून आम्लांवर मेदाचा लेप द्यायचा. लेप कमी पडला तर आम्ल आतड्यात पोहोचण्याआधीच सुटतं, जास्त झाला तर सुटतच नाही. त्यात कुक्कुटपालनाच्या खर्चाचा साधारण दोन-तृतीयांश वाटा खाद्याचा, त्यामुळे प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. माणसांच्या अन्नातही हेच रसायन आहे: लॉरिक आम्लापासून बनणारं लॉरिक आर्जिनेट परदेशात परिरक्षक म्हणून वापरतात.

कोणती अडचण कोणाची?

आम्ल वेगळं करणं आणि लेप देणं हे तेल-तंत्रज्ञाचं काम. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आणि नागपूरचं लक्ष्मीनारायण (एलआयटी) ही त्यासाठीची जुनी घरं. इथे बारावीला गणित हवं आणि सीईटीची तयारी हवी.

जिवाणूवर परिणाम होतो का, किती मात्रेला होतो, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पाहतो. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. करावंच लागतं, हे आधीच मनात धरा.

प्रत्यक्ष पक्ष्यावर चाचणी पशुवैद्यक घेतो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला शासकीय महाविद्यालयं आहेत. प्रवेश ‘नीट’मधून आणि अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, इंटर्नशिप धरून. पुढे पशुपोषण विषयात एम.व्ही.एस्सी. केलं की खाद्य कंपन्यांचं संशोधन आणि तांत्रिक सेवा खुली होते. अन्नाकडे ओढा असेल तर अन्न तंत्रज्ञान आहेच.

पालकांची खरी भीती

‘एवढ्या अरुंद क्षेत्रात नोकरी नाही मिळाली तर?’ भीती रास्त आहे, म्हणूनच सतराव्या वर्षी अरुंद काही निवडू नका. तेल-तंत्रज्ञाला साबण, सौंदर्यप्रसाधनं आणि रंग उद्योगही घेतो. सूक्ष्मजीवशास्त्र औषधनिर्मितीत चालतं, पशुवैद्यकाला दवाखाना आणि सरकारी सेवा आहे. पाया रुंद ठेवा आणि हा विषय पदव्युत्तर टप्प्यावर निवडा. ‘फीड ॲडिटिव्ह’चा सहा महिन्यांचा महागडा डिप्लोमा बारावीनंतर कोणी गळ्यात मारत असेल, तर आधी त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना फोन लावा.

अकरावीत असलेल्यांना एकच सल्ला: झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, म्हणजे सीईटी आणि नीट दोन्हींची वाट मोकळी राहते. बारावीतल्यांनी अर्ज भरण्याआधी ओळखीच्या पोल्ट्रीवर एक दिवस काढावा. शेडमधला वास आणि मेलेल्या पक्ष्याची चिरफाड सहन होत नसेल, तर पशुवैद्यकीची वाट मार्कांमुळे घेऊ नका. त्याच प्रश्नावर प्रयोगशाळेत बसून काम करता येतं. आणि पालकहो, तो दिवस मुलाला एकट्याला काढू द्या. तुम्ही सोबत असलात की तो उत्तर तुमच्याकडे बघून देईल.