सर्व्हरची नमुना स्वाक्षरी
दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेश देणारी ‘एसएसएच’ पद्धत तातू इलोनेन यांनी १९९५ साली फिनलंडमध्ये निर्माण केली. विद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरले गेले, हे त्याचे निमित्त. या पद्धतीत मजकूर सांकेतिक होतो. परंतु तो पोहोचतो कोणाकडे? पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो. तो सर्व्हर-व्यवस्थापकाकडून दूरध्वनीवर पडताळून मगच ‘येस’ लिहावे. (बहुतेक जण न वाचताच लिहितात!) स्वीकारलेली किल्ली ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये राहते, जणू खातेदाराची नमुना स्वाक्षरीच. पुढे ती न जुळल्यास इशारा मिळून जोडणी थांबते. कटकट नको म्हणून ‘स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग’ला ‘नो’ करणे म्हणजे स्वाक्षरी न पाहता धनादेश वटविणे होय. सर्व्हरची नव्याने उभारणी झाल्यासही किल्ली बदलू शकते. तशी खात्री व्यवस्थापकाकडून झाल्यावरच जुनी नोंद काढावी.