पत्र खोटे, शिक्का खरा

एक पोस्टकार्ड घेतले, त्यावर मित्राचा पत्ता लिहिला आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'बिरबल, आग्रा' असे लिहून ते कोऱ्हाळे बुद्रुकच्या टपालपेटीत टाकले, तर काय होईल? पोस्टमन ते मुकाट्याने नेऊन देईल. पत्र कोणाला द्यायचे एवढेच टपालखाते पाहते. ते कोणाकडून आले हे खरे की खोटे, याची चौकशी ते करत नाही. मात्र तिकिटावर टपालकचेरीचा शिक्का उमटतो आणि तो आपल्या भागातला असतो. आग्र्याच्या बिरबलाने पत्र इकडे कशाला टाकले, अशी शंका चाणाक्ष मित्राला लगेच येईल.

ई-मेलचे नेमके असेच आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचवण्याचे नियम लिहून काढले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. त्या काळी संगणकांच्या जाळ्यावर मोजकीच विद्यापीठे व प्रयोगशाळा होत्या. त्यामुळे पाठवणाऱ्या यंत्राने 'हे पत्र अमक्याकडून' असे सांगायचे आणि घेणाऱ्या यंत्राने ते मान्य करायचे, अशी भाबडी रीत पडली. पुढे लाखेच्या मोहरेसारख्या संगणकी मोहरा निघाल्या. पण बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव स्वतःच विकत घेऊन त्यावर रीतसर मोहर उठवणाऱ्या लबाडाला त्या कशा अडवणार?

नको असलेली पत्रे ढिगाने पाठवणे म्हणजे स्पॅम. बँकेचे किंवा कंपनीचे सोंग घेऊन तुमचा परवलीचा शब्द काढून घेणे म्हणजे फिशिंग, म्हणजे गळ टाकणे. हा धंदा का चालतो, याचे गणित करू. समजा, एकाने १० लाख पत्रे पाठवली. दहा हजारांत एकच माणूस फसला, तरी १०० माणसे गळाला लागली. प्रत्येकाचे ५,००० रुपये गेले, तर लबाडाला ५ लाख मिळाले. पोस्टकार्डे पाठवायची तर छपाई आणि तिकिटे यांतच तो बुडाला असता. येथे खर्च जवळजवळ शून्य!

आता शिक्क्याकडे वळू. ई-मेल ज्या ज्या यंत्रातून जाते, ते यंत्र तिच्या माथ्यावर एक ओळ लिहिते: कोणत्या क्रमांकाच्या यंत्राकडून आली आणि किती वाजता. एरवी या ओळी दिसत नाहीत, पण मूळ पत्र दाखवण्याची सोय वापरली की दिसतात. त्या खालून वर वाचायच्या, कारण सर्वांत जुनी ओळ सर्वांत खाली असते. खालच्या ओळी लबाडाने स्वतःच बनवलेल्या असू शकतात. तुमच्या स्वतःच्या ई-मेल सेवेने उमटवलेली ओळ मात्र भरवशाची.

हा क्रमांक २०३.०.११३.२५ असा चार भागांचा असतो. प्रत्येक भाग ० ते २५५ मधला, कारण तो आठ बिटांत लिहिलेला असतो. (अशा किती संख्या होतील? दोनचा बत्तिसावा घात, म्हणजे सुमारे ४३० कोटी.) परंतु क्रमांक म्हणजे माणूस नव्हे. इंटरनेट पुरवणारी कंपनी एकच क्रमांक सकाळी एकाला, तर दुपारी दुसऱ्याला देते. म्हणून वेळ अचूक हवी. आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे; हा फरक धरायला कोणी विसरला, तर चौकशीचा ससेमिरा भलत्याच घराच्या मागे लागेल! शिवाय कोणता क्रमांक कोणाकडे होता, ही नोंदवही कंपनी तुम्हाआम्हाला दाखवत नाही, आणि ते योग्यच आहे. ती उघडायला कायद्याचा हुकूम लागतो. पदार्थविज्ञान येथे थांबते आणि न्यायालयाचे काम सुरू होते.

आपल्या देशातला गाजलेला दावा नॅस्कॉम या संगणक-उद्योगाच्या संघटनेचा. नोकरभरतीचा व्यवसाय करणारे काही जण नॅस्कॉमच्या नावाने ई-मेल धाडून लोकांची माहिती गोळा करत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी त्यांच्या जागेची झडती घेतली, तेव्हा ती पत्रे जेथून गेली त्या संगणकांच्या हार्ड डिस्क हाती लागल्या. फिशिंगसाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. तरीही न्यायालयाने मार्च २००५ मध्ये ते बेकायदा ठरवले. दुसऱ्याच्या गुऱ्हाळाचा शिक्का आपल्या ढेपेवर मारून गूळ विकणे जसे, तसेच हे. प्रतिवाद्यांनी चूक कबूल करून १६ लाख रुपये देण्याचे मान्य केले.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने फिशिंगविरुद्ध ११७ दावे एकदम दाखल केले. गंमत अशी की आरोपींची नावे कोणालाच ठाऊक नव्हती! अशा अनोळखी प्रतिवादीला तिकडे 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडील न्यायालयांत त्याचे नाव 'अशोक कुमार'. आधी दावा लावायचा, त्या जोरावर नोंदवह्या उघडायच्या आणि मग खरे नाव लिहायचे, असा हा उलटा मार्ग.

पण माग परदेशात जाऊन तुटला तर? मग माणसाऐवजी त्याची साधने तोडायची. वॅलेडॅक नावाचा विषाणू लोकांचे संगणक काबीज करून त्यांच्याकडून स्पॅम पाठवून घेत असे. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हर्जिनियातील न्यायालयाकडून २७७ संकेतनावे बंद करवली. व्हर्जिनियाच का? 'डॉट कॉम' नावांचे दप्तर सांभाळणारी कंपनी त्याच राज्यात आहे! मालक मिळाले नाहीत, पण त्यांचे हुकूम ज्या नावांवरून सुटत, ती नावेच मिटली.

फसलेल्याच्या पैशाचे काय? आपल्या पुण्यातीलच उदाहरण घ्या. पूना ऑटो अँन्सिलरीज या कारखान्याच्या प्रमुखांनी एका फिशिंग ई-मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना अशा तक्रारींचा निवाडा करण्याचा अधिकार आहे. त्या वेळचे सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ साली निकाल दिला: चोरांनी पैसे वळवण्यासाठी उघडलेल्या खात्यांची नीट तपासणी झाली नाही, म्हणून बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत. संपूर्ण रक्कम मात्र त्यांनी देवविली नाही. त्या ई-मेलला उत्तर तक्रारदाराने स्वतः दिले होते, तेव्हा नुकसानीचा काही वाटा त्याच्याही माथी आला.