पाण्याचे ओझे

आमेरात, मस्कत

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चिरंजीव येत्या डिसेंबरात सायकल खोक्यात घालून मस्कतला उतरणार, आमेरातहून बिदबिद-इब्रामार्गे सुमारे २०० किलोमीटरवरील बिदिया गाठणार आणि तेथून शर्किया वाळवंट, ज्यास वहिबाची वाळू असेही म्हणतात, एकट्याने ओलांडून अरबी समुद्रापर्यंत जाणार, ही वार्ता पुण्याहून आली तेव्हा तिचे कौतुकच झाले होते. परंतु ताईने तीच वार्ता सविस्तर सांगितली तेव्हा, सायकल हलकी राहावी म्हणून पाणी चारच लिटर घेण्याचा बेत आहे, असे एक वाक्य तिच्या तोंडून निघाले, आणि हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. ताईला चार लिटर म्हणजे पुष्कळ वाटतात, कारण तिच्या डोळ्यांपुढे खंबाटकीचा घाट आणि त्यातल्या चहाच्या टपऱ्या आहेत. चिरंजीवास मात्र ते पुष्कळ वाटावेत याचे आश्चर्य वाटते.

कॅरिअर व जड थैल्या टाळून फ्रेमच्या त्रिकोणात, हँडलला आणि सीटमागे बांधलेल्या लहान पिशव्यांत सारा संसार बसवायचा, या पद्धतीस बाइकपॅकिंग म्हणतात, आणि त्यातील काटकसर ही खरोखर शिकण्याजोगी विद्या आहे. तंबूऐवजी पातळ ताडपत्री घ्यावी, टूथब्रशची दांडी अर्धी कापावी, दुसरा शर्ट घरीच ठेवावा. यास कोणाचा विरोध नाही. मात्र या साऱ्या वस्तू पैसे खर्चून हलक्या करता येतात, पाणी तसे करता येत नाही. एका लिटरचे वजन गरिबाला व श्रीमंताला सारखेच एक किलो भरते.

हिशेब असा आहे. ही वाळू उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर पसरलेली आहे आणि तिच्या उत्तर भागातील मोठ्या टेकड्या त्याच दिशेने लांबच लांब रांगांत उभ्या असून काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत चढतात, त्यामुळे दोन रांगांमधील सपाट पट्ट्यांतून गाड्यांच्या चाकोऱ्यांनी दक्षिणेकडे जाता येते हे खरे. पण जेथे वाळू भुसभुशीत लागते तेथे टायर कितीही रुंद असले आणि त्यांतील हवा कितीही कमी केली तरी शेवटी उतरून सायकल ढकलावीच लागते. ढकलणाऱ्याचा वेग तासाला तीन-चार किलोमीटर धरला तर दिवसाकाठी तीस-चाळीस किलोमीटर होतात, म्हणजे पाच-सहा दिवस लागतात, आणि हिवाळ्यातही श्रम करणाऱ्या माणसास दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते असे धरले तर एकूण गरज तीस लिटरांच्या आसपास जाते. चार लिटर पहिल्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंतही पुरणार नाहीत. शिवाय कोरड्या हवेत घाम अंगावर न दिसता उडून जातो, म्हणून आपण फारसे पाणी गमावलेले नाही अशी समजूत होते, आणि तहान जाणवते तेव्हा शरीर मागे पडलेले असते.

बर्ट्राम टॉमस या इंग्रज गृहस्थाने १९३०-३१च्या हिवाळ्यात सलालाहून दोह्यापर्यंत रब अल खाली हे वाळवंट पार केले, याचा दाखला चिरंजीव देतो असे समजते. तो दाखला अवश्य द्यावा, पण पुरता द्यावा: टॉमसबरोबर रशीद या बेदू टोळीचे वाटाडे होते, पाणी उंटांवर होते आणि वाट एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत आखलेली होती. एकट्याने जाण्याचे वेड बेदूंना नाही. ते पुस्तके वाचणाऱ्यांना असते.

आणखी एक पाणी आहे, ज्याचा विचार वाळवंटी जाणारे करीत नाहीत. वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे पण डोंगरात पाऊस पडताच भरून वाहणारे नदीपात्र. तळ सपाट आणि वाऱ्यापासून आडोसा असल्यामुळे तेथे पथारी टाकण्याचा मोह होतो. जून २००७च्या गोनू चक्रीवादळात आमेरातला मस्कतशी जोडणारी वादी अदैची वाट पाण्याखाली गेली होती, आणि एप्रिल २०२४ मध्ये इब्राच्याच बाजूस, समद अश-शान येथे, शाळकरी मुलांची गाडी पुरात वाहून जाऊन मुले दगावली. वादीत झोपू नये, एवढे पुरे.

टायर ट्यूबलेस असावेत, म्हणजे आत ट्यूब नसून बारीक भोक आपोआप बुजवणारे द्रव्य असलेले, कारण वाळवंटाच्या कडेने गाफची झाडे आहेत आणि गाफ म्हणजे दसऱ्याच्या कथेतली आपली शमीच. पांडवांची शस्त्रे जिने सांभाळली तिचे काटे सायकलीची मुळीच गय करत नाहीत. साखळीला तेलाऐवजी मेण लावावे, तेलावर वाळू चिकटते. परंतु हे सारे चिरंजीवास ठाऊक असणार, आणि पत्र पुन्हा पाण्यापाशी येते: पाणी एका मोठ्या पिशवीत न ठेवता पाच-सहा बाटल्यांत वाटून ठेवावे, म्हणजे एक फुटली तरी बाकीचे उरते.

वरील मजकुरात राग दिसत असेल तर त्याचे कारण घरातच आहे. मामाच्या तरुणपणी साताऱ्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जाण्याचा बेत ठरला होता आणि तो आजोबांनी एका शब्दात मोडला. आजोबांचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे, त्यांना कारण विचारण्याची रीत नव्हती. पुढे ताईचे लग्न, कर्ज, मस्कतची नोकरी असे होत गेले, आणि वाळवंटाच्या इतक्या जवळ घर असूनही मामाची मजल सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना बिदियाच्या तंबूंत नेऊन सूर्यास्त दाखवण्यापलीकडे गेली नाही. माळ्यावरची ती हिरवी सायकल चिरंजीवाने लहानपणी पाहिली आहे. तिची चाके पुण्यापलीकडे कधी गेली नाहीत. म्हणून जाऊ नये असे या पत्रात कोठेही लिहिलेले नाही, आणि ताईने तसा अर्थ काढल्यास तो चुकीचा समजावा.

बिदियाचा एक ओळखीचा बेदू गाडीवाला आहे, जो टायरमधली हवा निम्मी काढून या वाळूत रोज फिरतो. दुसऱ्या आणि चौथ्या मुक्कामी पाणी पोचवण्यास तो तयार आहे. चिरंजीवाने फक्त वाट आधी त्याच्यासमोर नकाशावर आखावी आणि रोज संध्याकाळी उपग्रहावरून संदेश पाठवणारे ते लहान यंत्र चालू करावे. त्याचे वजन मूठभर आहे, ते पिशवीतून काढू नये. गाडीचा खर्च मामाचा, आणि ताईला तो सांगण्याचे कारण नाही. एकट्याने पार केल्याचा मान यामुळे कमी होतो असे वाटत असेल तर होऊ द्यावा.

मामीने डिंकाचे लाडू करण्याचे ठरवले आहे. ते तराजूवर ठेवू नयेत, तिला वाईट वाटेल. विमान रात्री कितीही वाजता उतरणार असले तरी वेळ कळवावी. सायकलचे खोके उचलायला दोन माणसे लागतात, आणि मामा तेथे असेल.

कळावे, अनेक आशीर्वाद.

मामा