औषधाची पुडी आणि ग्राहकाचा हक्क

'मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याला सहा महिन्यांचे औषध एकदम बांधून द्या', असा आग्रह ज्यास कधी झाला नाही असा वैद्य पुण्या-मुंबईत विरळाच. कुटुंब दोन पिढ्यांच्या ओळखीचे असते. आम्ही चूर्णाच्या पुड्या बांधतो, गुटिका प्लास्टिकच्या डबीत भरतो, वर 'सकाळ-सायंकाळ दोन, कोमट पाण्यासह' एवढे लिहितो आणि देतो. डबीत आरोग्यवर्धिनी आहे की चंद्रप्रभा, हे आम्हांस ठाऊक असते. डबी उघडणाऱ्यास नसते. त्या मुलास तेथे अकस्मात रुग्णालयात न्यावे लागले आणि 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारले गेले, तर त्याने काय सांगावे? जगभर ग्राहकांच्या हक्कांविषयी जो विचार गेल्या शतकात झाला, तो आमच्या खलबत्त्यापाशी येऊन थांबतो तो याच प्रश्नावर. म्हणून त्याचा थोडा मागोवा घेणे आवश्यक आहे.

१९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका औषध कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचे गुणकारी औषध द्रवरूपात आणले. विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. रंग, वास व चव तपासली. विषारीपणा तपासला नाही, कारण तसे बंधन १९०६ च्या तत्कालीन कायद्यात नव्हते. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत बालके बरीच होती. शासनास माल जप्त करण्यास जो आधार सापडला तो विलक्षण आहे. बाटलीवर 'एलिक्झिर' असे लिहिले होते आणि एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त कल्प. यात मद्यार्क नव्हता, म्हणून लेबल खोटे ठरले. त्याच बाटलीवर 'द्रावण' असा शब्द असता, तर कायदाभंग झालाच नसता. निरीक्षकांनी दुकानांच्या वह्या व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळून २४० गॅलनपैकी २३४ गॅलन औषध परत मिळविले. नोंदी होत्या म्हणून पुढील मृत्यू टळले. विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती १९३८ च्या कायद्याने आली ती या अनुभवातून.

पुढे १५ मार्च १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणे ऐकले जाण्याचा असे ते हक्क होत. १९८३ पासून तो दिवस जागतिक ग्राहक हक्क दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. १९९९ व २०१५ मध्ये त्यांत भर पडली. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले होते. भेसळ होती ती त्याच डायएथिलीन ग्लायकॉलची. एकोणपन्नास वर्षांनंतर, दुसऱ्या खंडात, तेच विष! न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची जी चौकशी केली ती औषधव्यवसायातील प्रत्येकाने मुळातून वाचण्याजोगी आहे.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे वैद्यावर श्रद्धा असते, असे काही ज्येष्ठ वैद्यबंधू म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही आम्हांस हे मान्य नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कंटकशोधन अधिकरणात वैद्याविषयी स्पष्ट नियम आहे. प्राणावर बेतू शकणारा उपचार आधी न कळविता केला आणि रुग्ण दगावला, तर वैद्यास पूर्व साहसदंड. उपचारातील चुकीने दगावला, तर मध्यम साहसदंड. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये व औषधे यांत दिसायला सारख्या द्रव्याची भेसळ करणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. म्हणजे पूर्वसूचना न देणे हाच एक स्वतंत्र अपराध मानला गेला होता. शार्ङ्गधरसंहितेने तर औषधाची कालमर्यादाही घातली आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षानंतर. आसव, धातू व रस मात्र जुने झाल्याने गुणवान होतात. सहा महिन्यांचे चूर्ण एकदम बांधून देताना आम्ही अमेरिकेचा नव्हे, शार्ङ्गधराचाच नियम मोडतो.

आता जी गोष्ट आमच्या व्यवसायाला सर्वाधिक झोंबली तिच्याकडे वळू. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल (आर्सेनिक) आढळले. त्याच गटाने २००८ मध्ये इंटरनेटवरून मागविलेली १९३ उत्पादने तपासली. सुमारे एकपंचमांश उत्पादनांत या धातू सापडल्या. अमेरिकेत बनलेली आणि भारतात बनलेली उत्पादने यांत फारसा फरक नव्हता. रसकल्पांत हे प्रमाण सुमारे चाळीस टक्के होते, हे आम्हांस अपेक्षितच. परंतु ज्यांत रसद्रव्य असण्याचे कारणच नाही अशा उत्पादनांतही ते सतरा टक्क्यांच्या आसपास निघाले.

त्या वेळी आपल्याकडे जी उत्तरे दिली गेली त्यांचा भर एकाच मुद्द्यावर होता. शोधन-मारण झालेली भस्मे ही कच्ची धातू नव्हेत. प्रयोगशाळेने केवळ मूलद्रव्याचे एकूण प्रमाण मोजले, ते कोणत्या रूपात आहे हे पाहिले नाही. शास्त्रीय आक्षेप म्हणून यात तथ्य आहे. तथापि ग्राहकाच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. २०११-१२ मध्ये न्यू यॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि त्याचा संबंध त्यांनी घेतलेल्या भारतीय बनावटीच्या आयुर्वेदीय औषधांशी लागला. तेथे शिसे डबीत नव्हे, रक्तात मोजले होते. गर्भिणीस काय द्यावे व काय वर्ज्य करावे याचा एवढा काटेकोर विचार करणाऱ्या शास्त्राच्या नावावर ही नोंद व्हावी, याचे शल्य आम्हांस आहे.

केंद्र शासनाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश काढून १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या निव्वळ काष्ठौषधींसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा आहेत. पाऊल योग्यच होते. परंतु आदेशाचा रोख निर्यातीवर असावा, हे आम्हांस खटकते. बोस्टनच्या ग्राहकाचे यकृत आणि सातारच्या ग्राहकाचे यकृत यांत भेद कसा करावा?

आता आपल्या दुकानापुरते. पूर्वीच्या कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असून दायित्व केवळ उत्पादकाचे ठेवलेले नाही. विक्रेत्याने मालात बदल केला असेल, वेष्टन वा लेबल यांवर त्याचे मोठे नियंत्रण असेल, उत्पादकाच्या हमीहून वेगळी हमी त्याने स्वतः दिली असेल, किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेताही उत्तरदायी ठरू शकतो. पाच किलोच्या डब्यातील चूर्ण सुटे करून स्वतःच्या नावाच्या पिशवीत भरणाऱ्या औषधालय-मालकांनी हे कलम दोनदा वाचावे. 'माझ्या गॅरंटीवर न्या' हे गल्ल्यावरचे नित्याचे वाक्यही आता निरुपद्रवी राहिलेले नाही.

वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविले, तर उत्पादन-परवाना लागत नाही, ही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने दिलेली सवलत आहे. मात्र ती परवान्यापुरतीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. नव्या कायद्याच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नसला, तरी ती त्यातून सुटलेली नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तक्रारदार आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडेही जाऊ शकतो आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. अशा वेळी आमच्या बाजूने बोलणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे केसपेपर.

विकत घेतलेल्या तयार औषधावर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक व उत्पादनाची तारीख असते. अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही बंधनकारक आहे. आम्ही डबी फोडून पुडी बांधतो त्या क्षणी हे सारे पुसले जाते. ते पुडीवर पुन्हा उतरविणे हाच उपाय, आणि त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. कल्पाचे नाव, त्यात धातू वा विषद्रव्य असल्यास तसा उल्लेख, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावे, आणि वैद्याचे नाव व दूरध्वनी एवढे पुरे. औषध परदेशी जाणार असेल, तर हेच इंग्रजीतही लिहावे व एक प्रत केसपेपरला जोडावी. अनेकांसाठी मोठ्या प्रमाणावर मिश्रण करणाऱ्यांनी घटकांचे बॅच क्रमांक वहीत टिपून ठेवावेत. १९३७ च्या त्या बाटल्या अशाच वह्यांमुळे सापडल्या होत्या.

न्यू जर्सीच्या मुलाविषयी आमचे मत असे की, चूर्ण दोन महिन्यांपुरतेच द्यावे आणि त्यास प्रत्यक्ष तपासल्यावाचून रसकल्प पाठवूच नये. आई नाराज होईल, हे आम्ही जाणतो. तसेच 'पारदयुक्त' हा शब्द वाचून एखादा रुग्ण औषध परतही करील. त्यास शोधन-मारणाची प्रक्रिया शांतपणे समजावून सांगावी. तरीही त्याने नको म्हटले, तर काष्ठौषधींचा पर्यायी कल्प द्यावा आणि त्याने नकार दिल्याची नोंद तारखेसह केसपेपरवर करावी.