डॉक्टर आणि धर्मभगिनी : एकाच पाचारणाच्या दोन बाजू

वाचनासाठी : लूक १०:२५-३७, मत्तय २५:३१-४६

जुहूच्या सेंट जोसेफ चर्चमधून मिस्सा आटोपून निघताना कुणाला भोवळ आली, तर कूपर रुग्णालय जवळ आहे. खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर बाळंतीण अडली, तर आधी वाहन शोधावे लागते आणि मग डॉक्टर. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हे अंतर साऱ्या महाराष्ट्राला दिसले. आदिवासी बांधवांसाठी आपण देणग्या देतो, औषधे पाठवतो. पण औषधाच्या पेटीबरोबर तिथे राहणारे माणूसही लागते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहिलेल्यांमध्ये धर्मभगिनी आहेत, आणि त्यांच्यातल्या काही डॉक्टर आहेत.

तरीही धर्मग्रामातली एखादी हुशार मुलगी म्हणाली, की मला डॉक्टर व्हायचे आहे आणि सिस्टरही व्हायचे आहे, तर घरात दोन प्रश्न उठतात. कुणी म्हणते, ‘एवढे शिकून कॉन्व्हेंटमध्ये कशाला?’ कुणी म्हणते, ‘सिस्टरच व्हायचे तर एवढे शिकायचे कशाला?’ हे प्रश्न नवे नाहीत. एके काळी ख्रिस्तसभेच्या नियमांनीच ही दोन पाचारणे वेगळी ठेवली होती.

मनाई का होती?

मध्ययुगात मठवासी पैशासाठी वैद्यकी करू लागले आणि मठातली प्रार्थना मागे पडू लागली. म्हणून ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने मठवासीयांना असे करण्यास बंदी केली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वरच्या श्रेणीतील धर्मसेवकांना शस्त्रक्रियेपासून दूर ठेवले. पुढे १९१७ च्या धर्मसंहितेतही, रोमच्या खास परवानगीशिवाय धर्मगुरूंनी व व्रतस्थांनी वैद्यकी करू नये, असाच नियम राहिला. सिस्टर रुग्णाची शुश्रूषा करू शकत होत्या, पण प्रसूतीच्या कामापासून त्यांना दूर ठेवले जाई. ब्रह्मचर्यव्रताला ते शोभत नाही, असा समज होता.

नियमामागचा हेतू चांगला होता. परंतु हिंदुस्थानात त्याचा परिणाम वेगळा झाला. पडद्यातल्या स्त्रीला पुरुष डॉक्टर तपासू शकत नव्हता, आणि सिस्टरला तपासायची मुभा नव्हती. मधल्या मध्ये माता आणि बालके मरत होती.

तीन स्त्रिया

ही कोंडी पहिल्यांदा जोराने मांडली ती डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन (१८३७-१९१३) यांनी. त्या एडिंबरोच्या. तिथे स्त्रियांनी वैद्यकीय शिक्षणासाठी जो लढा दिला, त्याच्या अग्रणी सोफिया जेक्स-ब्लेक त्यांच्या मैत्रीण होत्या. त्याच लढ्यातल्या डॉ. एडिथ पीची १८८३ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. मॅक्लारेन यांनी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे पदवी घेतली आणि साठीच्या सुमारास कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. उतारवयात त्यांनी रावळपिंडीला स्त्रियांसाठी रुग्णालय उभारायला मदत केली. धर्मभगिनींना डॉक्टर होऊ द्यावे, यासाठी त्यांनी रोमला पुन्हा पुन्हा विनंती केली. त्यांच्या हयातीत ती मान्य झाली नाही.

दुसऱ्या डॉ. मेरी ग्लॉरी (१८८७-१९५७), ऑस्ट्रेलियाच्या. मेलबर्नमध्ये डॉक्टर म्हणून त्यांचा उत्तम जम बसला होता. मॅक्लारेन यांच्यावरची एक छोटी पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि आयुष्याची दिशा बदलली. १९२० मध्ये त्या आंध्रातील गुंटूरला येऊन येशू-मेरी-जोसेफ संघाच्या धर्मभगिनींमध्ये दाखल झाल्या. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीने व्रतस्थ राहून त्यांनी वैद्यकी केली. स्थानिक मुलींना त्यांनी कंपाउंडर, परिचारिका व सुईण म्हणून तयार केले आणि देशी औषधींचाही अभ्यास केला. १९४३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी राहिली. आज तिच्या सदस्य संस्था तीन हजारांहून अधिक आहेत. भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे हे त्यांचे स्वप्न होते. ते १९६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या रूपाने उभे राहिले. २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना ‘ईश्वराची सेविका’ म्हणून घोषित केले.

तिसऱ्या डॉ. अॅना डेंगेल (१८९२-१९८०), ऑस्ट्रियातील टिरोलच्या. मॅक्लारेन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, भेट कधी झाली नाही. त्यांच्याच सल्ल्याने डेंगेल आयर्लंडमध्ये कॉर्कला वैद्यक शिकल्या आणि १९२० मध्ये रावळपिंडीला आल्या. एकटी डॉक्टर किती पुरणार, हे त्यांना तिथे कळले. १९२५ मध्ये अमेरिकेत त्यांनी दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका अशा चौघींचा संघ सुरू केला, तोच आजचा मेडिकल मिशन सिस्टर्स संघ. नियमाची अडचण असल्यामुळे या चौघी जाहीर व्रते न घेता धर्मभगिनींसारख्या राहिल्या. अकरा वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, रोमने आदेश काढला. माता आणि बालकांच्या सेवेसाठी धर्मभगिनींनी वैद्यकाचे व प्रसूतीशास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे त्यात सांगितले होते.

या तिघींपैकी कुणीही ख्रिस्तसभेशी नाते तोडले नाही. एकीने विनंती केली, दुसरीने परवानगी मिळवून काम करून दाखवले, तिसरीने धीर धरून सगळ्यांसाठी वाट मोकळी केली. आज्ञापालन म्हणजे गप्प बसणे नव्हे, हा या इतिहासातला मोठा धडा आहे.

व्रते आणि वैद्यकी

दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या सिस्टर डॉक्टरची कमाई तिची नसते, संघाची असते. त्यामुळे जिथे रुग्णाकडे फी द्यायला पैसे नाहीत, तिथेही ती राहू शकते. ब्रह्मचर्यामुळे ती घरसंसाराच्या काळजीविना दूरच्या पाड्यावर जाऊ शकते. आज्ञापालनामुळे एक गेली तर तिच्या जागी संघ दुसरीला पाठवू शकतो, आणि दवाखाना एका व्यक्तीबरोबर संपत नाही.

याची किंमतही आहे, ती झाकू नये. कुशल शल्यविशारद सिस्टरला संघप्रमुख नेमले, तर तिच्या हातची शस्त्रक्रिया थांबते. पाच-सात वर्षांत जमलेला रुग्णांचा विश्वास बदलीच्या एका पत्राने मागे सोडावा लागतो. छोट्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसतो, रक्तपेढी लांब असते; तिथे एकट्या डॉक्टरच्या मनावर किती ओझे असते, हे आपण क्वचितच विचारतो.

आणि प्रार्थनेचे काय? संध्याकाळची आराधना चालू असताना प्रसूतीची कळ आलेली बाई दारात आली, तर सिस्टर उठते. गरिबासाठी प्रार्थना सोडून जाणे म्हणजे देवाला सोडणे नव्हे, अशी शिकवण संत व्हिन्सेंट दी पॉल यांनी आपल्या भगिनींना दिली होती. मात्र रोजच प्रार्थना राहू लागली, तर मध्ययुगातली ती जुनी भीती खरी ठरेल. म्हणून समंजस संघ दोन गोष्टी सांभाळतात : ड्युटी वाटून घेणे आणि वार्षिक मौनसाधनेची सुट्टी न चुकवणे.

वाट कशी असते?

ग्लॉरी आणि डेंगेल आधी डॉक्टर झाल्या, मग व्रतस्थ. आजही काहीजणी तसे करतात. अनेक संघ मात्र आधी घडण देतात. त्यात किमान बारा महिन्यांची नवदीक्षा असते, त्यानंतर तात्पुरती व्रते आणि काही वर्षांनी आजीवन व्रते. गुणवत्ता व कल पाहून संघ सिस्टरला वैद्यकीय शिक्षणाला पाठवतो. नीटची परीक्षा, साडेचार वर्षांचा एमबीबीएस अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप तिलाही चुकत नाही. सेंट जॉन्समध्ये धर्मभगिनींसाठी काही जागा राखलेल्या असतात. देशातील सिस्टर डॉक्टरांचे स्वतःचे व्यासपीठही आहे. आपल्या जवळ, अंधेरीचे होली स्पिरिट आणि वांद्र्याचे होली फॅमिली ही रुग्णालये धर्मभगिनीच चालवतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. शोमरोनी माणसाने जखमीला तेल-द्राक्षारस लावला, सरायीत नेले आणि खर्चही दिला. यातले कोणते काम आपला धर्मग्राम करतो आणि कोणते टाळतो?

२. आपल्या मुलीने दोन्ही पाचारणांची इच्छा सांगितली, तर आपले पहिले वाक्य काय असेल?

३. आपल्यातले भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका महिन्यातून एक दिवस आदिवासी भागातल्या मिशन दवाखान्याला देऊ शकतील का?

या तिमाहीतील संकल्प

११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण आणि जागतिक रुग्णदिन. १९३६ चा आदेश याच तारखेचा. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये पाड्यांवरील डॉक्टर व परिचारिका धर्मभगिनींसाठी प्रार्थना करू या. शक्य असेल त्या कुटुंबाने एका आदिवासी मुलीच्या नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चात वाटा उचलावा. तिने पुढे व्रते घ्यावीत की संसार करावा, हे प्रभू आणि ती ठरवतील. तिला शिकता यावे, एवढे आपल्या हातात आहे.